रेडिओ-खगोलशास्त्रीय संगणकावरील लिनक्स पॅकेजांचे अद्ययावतीकरण : ते कोठे अडते व का अडते

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे उभ्या असलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ-दुर्बिणीचा, म्हणजेच जीएमआरटीचा, परिचय आपल्या वाचकांस नव्याने करून देण्याचे कारण नाही. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकार झालेल्या आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रामार्फत चालविल्या जाणाऱ्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटर क्षेत्रात दाटीने बसविल्या असून उरलेल्या १६ तीन भुजांवर दूरवर पसरल्या आहेत. सर्वांत लांबच्या दोन तबकड्यांतील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. नारायणगावाहून जाताना किंवा आंबेगावच्या बाजूने येताना उसाच्या शेतांपलीकडे दिसणारी एखादी एकाकी तबकडी अनेकांच्या ओळखीची असेल.

मात्र तबकडीने गोळा केलेल्या लहरींचे चित्र तबकडीत तयार होत नाही. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीतील संकेतांचा परस्परसंबंध मोजावा लागतो आणि त्या मोजमापांतून गणिताने आकाशाचा नकाशा काढावा लागतो. आरंभी हा परस्परसंबंध खास बनविलेल्या विद्युत्-मंडलांकडून काढला जाई. २०१० च्या सुमारास ते काम लिनक्सवर चालणाऱ्या सर्वसाधारण संगणकांच्या समूहाकडे आले आणि पुढे ४०० मेगाहर्ट्झ पट्टारुंदीच्या उन्नत दुर्बिणीत आलेखप्रक्रियकांची, म्हणजे जीपीयूंची, त्यांत भर पडली. निरीक्षकाच्या हाती येते ती कच्ची आधारसामग्री. ‘जीव्हीफिट्स’ या आज्ञावलीने ती ‘फिट्स’ स्वरूपात आणावयाची आणि ‘एआयपीएस’ किंवा ‘कासा’ या प्रणालींत तिचे अंशशोधन व प्रतिमाकरण करावयाचे, हा जुन्या निरीक्षणांच्या बाबतीत रूढ झालेला मार्ग होय. हे उत्तरार्धाचे काम खोडदला होत नाही. ते विद्यापीठांच्या विभागांत, विद्यार्थ्यांच्या टेबलांवरील संगणकांत होते. म्हणूनच त्या संगणकावरील एखादे पॅकेज अद्ययावत होण्याचे नाकारते तेव्हा प्रश्न केवळ संगणकतंत्रज्ञाचा राहत नाही.

प्रस्तुत लेखाचे निमित्त आमच्याच विभागातील एका प्रसंगाने मिळाले. ६१० मेगाहर्ट्झवरील एका जुन्या निरीक्षणाची प्रतिमा २०१९ मध्ये तयार झाली होती. २०२४ च्या पावसाळ्यात परीक्षकांनी तिची पुनर्प्रक्रिया मागितली. संगणक तोच, आधारसामग्री तीच. परंतु एक लहानशी आज्ञावली बसविण्यासाठी विद्यार्थ्याने अद्ययावतीकरणाची आज्ञा दिली आणि ती फसली. त्यापुढील दोन दिवसांत त्याने जे उपाय केले त्यांनी संगणकच बंद पडला. त्याची हकीकत योग्य ठिकाणी येईल. आधी अद्ययावतीकरण म्हणजे नेमके काय, हे पाहणे अवश्य आहे.

पॅकेज म्हणजे एखाद्या आज्ञावलीच्या फाइलींचा गठ्ठा, त्याला जोडलेली माहितीची चिठ्ठी आणि बसविण्याच्या वेळी चालवावयाच्या लहान आज्ञालिपी. चिठ्ठीवर नाव, आवृत्ती आणि या गठ्ठ्यास आणखी कोणते गठ्ठे लागतात व कोणते चालत नाहीत, हे लिहिलेले असते. डेबियन परंपरेत हे काम ‘डीपीकेजी’ करते, रेड हॅट परंपरेत ‘आरपीएम’. दोन्हींचा जन्म १९९० नंतरच्या दशकातील. या दोन्ही साधनांना हातातला गठ्ठा बसविता येतो, पण लागणारे इतर गठ्ठे शोधून आणता येत नाहीत. त्यासाठी त्यांच्या वर ‘ॲप्ट’ आणि ‘यम’ ही साधने आली; ‘यम’ची जागा पुढे ‘डीएनएफ’ने घेतली. या यमाचा आपल्या यमाशी काही संबंध नसला तरी त्याच्या चुकीच्या आवाहनाने संगणकाचे प्राण जाऊ शकतात, एवढे साम्य आहे.

अद्ययावतीकरणाची आज्ञा दिल्यावर क्रमाने पुढील गोष्टी घडतात. भांडाराचे नाव पत्त्यात रूपांतरित होते; भांडाराची सूची उतरविली जाते; सूचीवरील स्वाक्षरी किंवा गठ्ठ्यावरील स्वाक्षरी पडताळली जाते; कोणत्या आवृत्त्या परस्परांशी जुळतात हे ठरविले जाते; गठ्ठे उतरविले जातात; ते उलगडले जातात; आणि शेवटी त्यांची मांडणी होऊन आज्ञालिपी चालतात. यांतील प्रत्येक टप्प्याचे अपयश निराळ्या तऱ्हेचे असते आणि आधीच्या टप्प्याचे अपयश पुढच्या टप्प्यावर खोटी लक्षणे उमटविते. पडद्यावर शेवटी दिसणारी ओळ बहुधा परिणामाची असते. कारणाची ओळ तीसचाळीस ओळी वर राहिलेली असते. रोगनिदानातील हा पहिला नियम विद्यार्थी पाळीत नाहीत, हा नित्याचा अनुभव आहे. तळाची ओळ उचलून तिच्यावर कोणी तरी सुचविलेला उपाय करावयाचा, तो साधला नाही की दुसरा; आणि तिसऱ्या उपायापर्यंत मूळ दोषाचा पुरावाच नाहीसा झालेला असतो. वस्तुतः ‘ॲप्ट’, ‘डीपीकेजी’ आणि ‘यम’ ही तिन्ही साधने आपापल्या कामाची रोजनिशी ठेवतात. काही करण्यापूर्वी ती वाचावी, व तिची एक प्रत अन्यत्र काढून ठेवावी.

आमच्या विद्यार्थ्याच्या संगणकावर ‘सेंटओएस ७’ ही प्रणाली होती. रेडिओ-खगोलशास्त्रात ती फार प्रचलित होती, आणि त्यास कारण होते. ‘कासा’चे निर्माते आपली आज्ञावली रेड हॅट घराण्याच्या प्रणालींवर तपासून देत, ‘सेंटओएस’ हे त्याच घराण्याचे विनामूल्य रूप. ‘सेंटओएस ७’ जुलै २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या पुढची आठवी आवृत्ती २०१९ मध्ये आली, पण तिचे आयुष्य अपेक्षेपेक्षा बरेच आधी, ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपविण्यात येईल असे २०२० मध्ये जाहीर झाले. फर्मीलॅब व सर्न यांच्या आश्रयाने वाढलेल्या ‘सायंटिफिक लिनक्स’ची आठवी आवृत्ती निघणार नाही, हेही २०१९ मध्येच स्पष्ट झाले होते. परिणामी पुष्कळ प्रयोगशाळा सातव्या आवृत्तीवरच थांबल्या. ३० जून २०२४ रोजी तिचाही आधार संपला.

आधार संपला याचा अर्थ नव्या दुरुस्त्या येणे थांबले, इतकाच अनेकांनी घेतला होता. प्रत्यक्षात आणखी एक गोष्ट घडली. ‘यम’ला भांडाराचा पत्ता थेट दिलेला नसतो, जवळच्या प्रतिभांडारांची यादी देणाऱ्या एका यंत्राचे नाव दिलेले असते. ते नावच मावळले. त्यामुळे ‘यजमानाचे नाव उलगडता येत नाही’ आणि ‘मूलभूत भांडारासाठी वैध पत्ता सापडत नाही’ अशा अर्थाच्या ओळी उमटू लागल्या. हे संदेश वाचून कोणासही वाटावे की आपले जाळे बंद आहे. अनेकांनी जोडणीच्या तारा बदलल्या, नावसेवकाचे पत्ते बदलले, संगणकविभागाकडे तक्रारी नेल्या. दोष जाळ्याचा नव्हता. दुसऱ्या कोणत्याही स्थळाचे नाव उलगडते की नाही, एवढी एक परीक्षा केली असती तरी तो निर्णय मिनिटभरात झाला असता. या दोषावरील उपाय साधा आहे : भांडारांच्या मांडणीफाइलींतील यादीची ओळ रद्द करून, जुन्या आवृत्त्या जतन करणाऱ्या ‘व्हॉल्ट’ नावाच्या संग्रहाचा थेट पत्ता द्यावयाचा आणि तोही ७.९ या अखेरच्या उपआवृत्तीचा. डेबियन व उबुंटू यांनीही आपल्या निवृत्त आवृत्त्यांसाठी असे निराळे संग्रह ठेवले आहेत. मात्र संग्रहातून जुने गठ्ठे मिळतात, नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत. तेव्हा असा संगणक यापुढे बाहेरच्या जगाशी किती संबंध ठेवू शकतो, हा निर्णय त्याच वेळी घ्यावा लागतो.

नावाच्याच टप्प्यावर विद्यापीठांत आढळणारा आणखी एक दोष आहे. पुष्कळ ठिकाणी बाह्य जाळ्याकडे जाणारी वाहतूक मध्यस्थ यंत्रातून, म्हणजे ‘प्रॉक्सी’तून, नेलेली असते. विद्यार्थी आपल्या खात्यात तिचा पत्ता घालतो. त्याचा ब्राउझर चालतो. आणि अद्ययावतीकरण मात्र चालत नाही. कारण अद्ययावतीकरण प्रशासकाच्या अधिकाराने होते, आणि ‘सुडो’ने अधिकार बदलताना खात्यातील तो पत्ता सामान्यतः गळून पडतो. ‘ॲप्ट’च्या किंवा ‘यम’च्या स्वतःच्या मांडणीफाइलीतच तो लिहिला पाहिजे.

सूची आली तरी ती खरी आहे याची खात्री साधनाला करावी लागते. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेटवर शेतकऱ्याची खूण असते आणि पट्टीवर नग व वजन. दोहोंचा मेळ बसला नाही तर हिशेब पुढे सरकत नाही. येथेही तसेच आहे. सूचीत प्रत्येक फाइलीची लांबी व तिचे गणिती सार, म्हणजे ‘हॅश’, नोंदलेले असते, आणि खुद्द सूचीवर भांडाराची स्वाक्षरी असते. ‘हॅश जुळत नाही’ हा संदेश दिसला की कोणी तरी घातपात केला असे मानण्याचे कारण नसते. बहुधा प्रतिभांडाराची नक्कल अर्धवट अवस्थेत असताना आपण तेथे पोहोचलेलो असतो, किंवा वाटेतील मध्यस्थ यंत्राने कालची सूची व आजचा गठ्ठा यांचे मिश्रण आपल्या हाती दिलेले असते. उतरविलेल्या सूच्या पुसून थोड्या वेळाने, किंवा निराळ्या प्रतिभांडाराकडून, त्या पुन्हा आणाव्या. पडताळणीच बंद करण्याचा जो उपाय सुचविला जातो तो मात्र कधीही करू नये. कारण ज्या एका प्रसंगी घातपात खरा असेल त्या प्रसंगी आपणच दार उघडे ठेवलेले असते.

स्वाक्षरीचा संबंध काळाशीही आहे. किल्ल्यांची मुदत संपते, आणि मग नव्या किल्लीचे पॅकेज अधिकृत मार्गाने मिळवून बसवावे लागते. परंतु याहून गमतीचा प्रकार म्हणजे संगणकाचे घड्याळच चुकलेले असणे. जुन्या यंत्राच्या मुख्य फलकावरील नाण्याएवढी बॅटरी संपली की वीज गेल्यानंतर ते कित्येक वर्षे मागील तारीख दाखवीत उठते. मग ‘ॲप्ट’ म्हणते की सूची अद्याप वैध झालेली नाही. सुरक्षित स्थळांची प्रमाणपत्रेही भविष्यातील ठरतात. ज्यांच्या निरीक्षणाचा सारा पाया वेळेच्या काटेकोर मोजणीवर उभा आहे अशा खगोलशास्त्रज्ञाने आपल्या टेबलावरील घड्याळ सर्वांत शेवटी तपासावे, हे घडते खरे.

आता परावलंबनाच्या टप्प्याकडे वळू. येथे विषय गणिताच्या विद्यार्थ्यासही रस वाटावा असा आहे. समजा, प्रतिमाकरणाच्या एका आज्ञावलीस एखाद्या लायब्ररीची दुसरी किंवा त्यापुढील आवृत्ती हवी आहे. अंशशोधनाच्या दुसऱ्या आज्ञावलीस तिसरीच्या आतील आवृत्ती हवी आहे. आणि तिसरी एक आज्ञावली त्या लायब्ररीच्या दुसऱ्या आवृत्तीशी सहवास नाकारते. प्रत्येक पॅकेज ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशा दोन अवस्थांचे चल मानले, तर या सर्व अटी तार्किक विधाने होतात, आणि सर्व विधाने एकाच वेळी सत्य करणारी मूल्ये शोधणे हा प्रश्न उरतो. एखादे पॅकेज बसविता येईल की नाही हा निर्णय सर्वसाधारणतः एनपी-पूर्ण वर्गातील आहे, हे २००६ च्या सुमारास युरोपातील एका संशोधनप्रकल्पाने डेबियनचा अभ्यास करताना दाखवून दिले. व्यवहारात येणारी उदाहरणे सुदैवाने इतकी कठीण नसतात. ‘ओपनसुसे’ने २००८ पासून आणि पुढे ‘डीएनएफ’नेही तार्किक-समाधानाची आधुनिक पद्धती वापरली आहे.

यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. साधन जेव्हा ‘परावलंबने पुरी करता येत नाहीत’ असे म्हणते तेव्हा पुष्कळदा ते एक सिद्ध केलेले विधान असते : आपण दिलेल्या भांडारांत आणि आपण घातलेल्या अटींत उत्तर अस्तित्वातच नाही. अशा वेळी जोर लावून उपयोग नसतो. कोणती अट अवास्तव आहे ते शोधावे लागते. ती अट बहुतेक वेळा आपणच घातलेली असते. मागे कधी तरी एखादे पॅकेज आहे त्या आवृत्तीवर गोठवून ठेवले आणि विसरलो. एका आज्ञावलीसाठी तिसऱ्याच कोणाचे भांडार जोडले आणि त्याने मूळच्या भांडारातील लायब्ररीहून नवी लायब्ररी पुरविली. किंवा दोन निरनिराळ्या पिढ्यांची भांडारे एकत्र केली. गोठविलेल्या पॅकेजांची यादी, जोडलेल्या भांडारांची यादी आणि अडलेल्या पॅकेजाची प्रत्येक आवृत्ती कोणत्या भांडारातून येते याचा तक्ता, एवढी तीन पाने समोर ठेवली की उलगडा बहुधा होतो. प्रत्यक्ष बदल करण्यापूर्वी ‘ॲप्ट’ला नुसती रंगीत तालीमही करावयास सांगता येते. ती करावी, आणि काढून टाकावयाच्या पॅकेजांची यादी ओळ न ओळ वाचावी. एका अडलेल्या पॅकेजासाठी साधनाने पन्नास पॅकेजे काढण्याची तयारी दाखविली असेल तर ‘होय’ म्हणण्याची घाई करू नये.

आमच्या विद्यार्थ्याची चूक नेमकी येथे झाली. भांडाराचे नाव उलगडत नाही, म्हणून त्याने पुढील पिढीच्या, म्हणजे आठव्या आवृत्तीच्या, एका भांडाराचा पत्ता घातला. ‘यम’ने परस्परविरोध दाखवून नकार दिला, आणि तो नकार योग्यच होता. हव्या असलेल्या आज्ञावलीस ‘जीलिबसी’ या मूलभूत लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती लागत होती. सातव्या पिढीत ती २.१७ आहे. विद्यार्थ्याने मग तो एकच गठ्ठा उतरवून, परावलंबने दुर्लक्षून, बळजबरीने ‘आरपीएम’कडून बसवून घेतला. ‘जीलिबसी’ ही अशी लायब्ररी आहे की संगणकावरील जवळपास प्रत्येक आज्ञावली तिच्यावर उभी असते. ती अर्धवट बदलताच फाइलींची यादी दाखविणारी आज्ञाही चालेना. संगणक पुन्हा सुरू केला, तो उठलाच नाही.

उलगडणे व मांडणी या शेवटच्या टप्प्यांतील दोष याहून सौम्य असतात, आणि त्यांची कारणे पुष्कळदा अगदी ऐहिक असतात. वीज जाणे हे त्यांतील पहिले. ग्रामीण भागातील महाविद्यालयांत काम केलेल्यांस ते सांगावयास नको. मांडणी चालू असताना वीज गेली तर ‘डीपीकेजी’च्या नोंदवहीत काही पॅकेजे ‘उलगडलेली पण न मांडलेली’ आणि काही ‘अर्धी मांडलेली’ अशा अवस्थेत राहतात. ही नोंदवही विचारपूर्वक रचलेली असल्यामुळे उरलेली मांडणी पुरी करण्याची आज्ञा देताच ती जेथून थांबली तेथून पुढे चालते. त्यानंतर तुटलेली परावलंबने दुरुस्त करण्याची ‘ॲप्ट’ची आज्ञा द्यावी. नोंदवहीच बिघडली असेल तर तिच्या जुन्या प्रती संगणक स्वतःच राखून ठेवीत असतो. रेड हॅट घराण्याच्या जुन्या पिढ्यांत ‘आरपीएम’चा नोंदसंग्रह अशा प्रसंगी बिघडत असे, त्याची प्रत काढून मग पुनर्रचनेची आज्ञा देणे हा तेथील मार्ग.

दुसरे कारण जागेचे. चालकबिंदू, म्हणजे कर्नल, ज्या लहानशा स्वतंत्र विभागात ठेवला जातो तो जुन्या कर्नलांनी भरून जातो, आणि नव्या कर्नलाची आरंभप्रतिमा लिहिताना जागा संपते. मुख्य विभागात शेकडो गिगाबाइट मोकळे दिसत असल्याने वापरणाऱ्याचा विश्वास बसत नाही. क्वचित जागा असते पण फाइलींच्या नोंदीच संपलेल्या असतात. प्रतिमाकरणाच्या आज्ञावल्या लक्षावधी लहान फाइली मागे सोडतात, तेव्हा हे घडते. म्हणून जागा मोजताना दोन्ही मोजाव्यात. चालू असलेला व त्याच्या अगोदरचा असे दोन कर्नल ठेवून बाकीचे पॅकेज-साधनाकरवीच काढावेत. हाताने फाइली पुसू नयेत.

कुलपाचा संदेशही घाबरविणारा असतो. दुसरी एखादी प्रक्रिया पॅकेजांवर काम करीत आहे, असे तो सांगतो. उबुंटूत ही दुसरी प्रक्रिया बहुधा पार्श्वभूमीवर आपोआप चालणारे सुरक्षा-अद्ययावतीकरण असते. कुलपाची फाइल पुसून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्यातूनच दोन हातांनी एकच वही लिहिण्याचा प्रकार घडतो. कुलूप कोणाच्या हाती आहे ते पाहावे, आणि चहा घेऊन यावे.

आतापर्यंत वर्णिलेली सर्व अपयशे प्रकट स्वरूपाची आहेत. संगणक तोंडाने सांगतो की काम झाले नाही. प्रस्तुत लेखकास त्यांहून अधिक चिंता वाटते ती यशस्वी अद्ययावतीकरणाची. पायथन भाषेच्या दुसऱ्या पिढीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. जीएमआरटीच्या आधारसामग्रीसाठी सिद्ध झालेली ‘स्पॅम’ ही प्रक्रियामाला त्याच पिढीतील पायथनवर आणि ‘एआयपीएस’वर उभी होती. २०१० ते २०१२ या काळात खोडद येथून १५० मेगाहर्ट्झवर घेतलेल्या आकाशसर्वेक्षणाची जी पर्यायी आवृत्ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, ३६,९०० चौरस अंशांचे आकाश आणि सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ-स्रोत तिच्यात आहेत, ती याच प्रक्रियामालेची निर्मिती. पुढे २०२३ मधील डेबियनच्या बाराव्या आवृत्तीतून दुसरे पायथन पूर्णतः गेले. त्या आवृत्तीकडे संगणक व्यवस्थित, एकही दोष न दाखविता, नेता येतो. आणि अशी जुनी प्रक्रियामाला त्या दिवसापासून तेथे चालत नाही. आलेखप्रक्रियक असलेल्या संगणकावर असेच एक मौन अपयश येते : नवा कर्नल बसतो, परंतु त्याच्यासाठी प्रक्रियकाचा चालक नव्याने बांधला गेलेला नसतो, आणि दुसऱ्या सकाळी गणना एक तर थांबलेली असते किंवा सामान्य प्रक्रियकावर कूर्मगतीने चाललेली असते.

‘एआयपीएस’च्या बाबतीत तर आवृत्तीच्या नावावरही विसंबता येत नाही. तिच्या आवृत्त्या वर्षअखेरच्या तारखेने ओळखल्या जातात. चालू वर्षाची आवृत्ती विकासावस्थेत असते, आणि ‘मध्यरात्रीचे काम’ या नावाने ओळखली जाणारी एक प्रक्रिया अमेरिकेतील मूळ केंद्रातून रोजचे बदल आणून ती अद्ययावत करते. त्यामुळे ‘३१ डिसेंबर १९’ ही आवृत्ती वापरली, असे प्रबंधात लिहिले तरी ती मार्च महिन्यातील होती की नोव्हेंबरातील, हे त्यातून कळत नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात एवढेच लिहिलेले होते.

सुदैवाने त्याची आधारसामग्री चकतीच्या निराळ्या विभागात होती. बाहेरील स्मरणकांडीवरून संगणक सुरू करून ती प्रथम सुखरूप काढून घेतली. बंद पडलेल्या विभागातून ‘यम’ची रोजनिशी मिळाली, २०१९ साली कोणते पॅकेज कोणत्या दिवशी बसले याची तारीखवार नोंद तिच्यात होती. ‘एआयपीएस’ची संपूर्ण निर्देशिकाही शाबूत होती, आणि मध्यरात्रीच्या कामाच्या नोंदींवरून ते अखेरचे केव्हा चालले हे समजले. यावरून पूर्वीची परिस्थिती पुन्हा उभी करता आली. मात्र मूळ संगणकावर नव्हे. नव्या प्रणालीच्या संगणकात ‘ॲप्टेनर’ या साधनाने एक बंदिस्त कप्पा केला आणि त्यात व्हॉल्टमधील ‘सेंटओएस ७’ रोजनिशीबरहुकूम बसविली. असा कप्पा चालतो, कारण लिनक्सचा कर्नल जुन्या आज्ञावल्यांशी केलेला करार सहसा मोडीत नाही; बदलतात त्या त्याच्या वरच्या लायब्रऱ्या, आणि त्या कप्प्याच्या आत जुन्याच राहतात. याला अपवाद आहेत. ‘सेंटओएस ६’चा कप्पा पुष्कळ नव्या कर्नलांवर तत्काळ कोसळतो, कारण त्या पिढीची ‘जीलिबसी’ वेळ विचारण्यासाठी जो जुना मार्ग वापरते तो नव्या कर्नलांत बंद असतो; कर्नल सुरू करताना तो मुद्दाम चालू करावा लागतो.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, संगणक जुना ठेवणे सुरक्षिततेच्या दृष्टीने अयोग्य आहे. आक्षेप बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर कप्प्यातच आहे. बाहेरच्या जाळ्याशी ज्याचा संबंध येतो तो संगणक सदैव अद्ययावत असावा. गणना ज्या परिस्थितीत झाली ती मात्र कप्प्यात गोठविलेली असावी, आणि तिला जाळ्याची गरज नसावी. दोन्ही गरजा एकाच प्रणालीवर लादल्या की एक दिवस त्यांतील एकीचा बळी जातोच. ज्या यंत्राला उपकरण जोडलेले आहे, उदाहरणार्थ प्रयोगशाळेतील लहान रेडिओ-अँटेनाचे ग्राहकयंत्र, त्याच्यापुरता निराळा विचार करावा. ते अंतर्गत जाळ्यात अलग ठेवावे, त्याच्या भांडाराची प्रत स्थानिक चकतीवर असावी, आणि अद्ययावतीकरण निरीक्षणांच्या दोन सत्रांमधील मोकळ्या दिवशी, आधी दुसऱ्या यंत्रावर करून पाहिल्यानंतरच व्हावे.

कप्पा तयार होण्यास चार दिवस लागले. त्यांपैकी तीन रोजनिशी वाचण्यात गेले. त्यानंतर मूळ कच्च्या फाइलीपासून प्रक्रिया पुन्हा चालविली. पहिल्या खेपेस नव्या प्रतिमेतील पार्श्वभूमीचा कलकल जुन्या प्रतिमेशी जुळला नाही, आणि दोष कप्प्याचा की आमचा याविषयी एक दुपार वाद झाला. अखेर जुन्या टिपणवहीत असे आढळले की, २०१९ साली दोन सदोष तबकड्यांची सामग्री विद्यार्थ्याने हाताने वगळली होती, आणि ती नोंद कोणत्याही आज्ञालिपीत नव्हती. ती वगळल्यावर दोन्ही प्रतिमा जुळल्या. प्रबंधाच्या परिशिष्टात आता पॅकेजांची संपूर्ण यादी, मध्यरात्रीच्या कामाची तारीख आणि त्या दोन तबकड्यांची नावे छापली आहेत. कप्प्याची फाइल विभागाच्या संग्रहात ठेवली असून ती मागणी केल्यास पाहावयास मिळते.